डोळ्याचे चित्र: बसऱ्यापासून तंजावरपर्यंत

(मोताळा येथील व्याख्यानमालेतील स्मृती-व्याख्यानाचा मुद्रित पाठ)

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात सुमारे दोनशे वर्षांपूर्वीची काही रुग्णपत्रे जपून ठेवलेली आहेत. डोळ्यांचा आजार घेऊन राजवाड्याच्या दवाखान्यात आलेल्या माणसांच्या त्या नोंदी. तक्रार काय होती, उपाय कोणता केला, पुढे काय झाले, हे त्यांत लिहिले आहे. आणि नुसते लिहून न थांबता रुग्णांचे डोळे रंगांत काढूनही ठेवले आहेत. कॅमेरा अजून जन्माला यायचा होता. जिवंत डोळ्याच्या आत डोकावण्याचे साधन कोणत्याही देशातल्या वैद्याकडे नव्हते. अशा काळात एका राजाने वैद्याच्या शेजारी चिताऱ्याला बसवले, आणि तो राजा मराठी होता.

मोताळ्याहून तंजावर फार दूर आहे, पण त्या राजघराण्याचे नाते याच जिल्ह्याच्या मातीशी जुळते. सिंदखेड राजा हे जिजाऊंचे माहेर. म्हणजे शहाजीराजे बुलढाणा जिल्ह्याचे जावई. शहाजीराजांना तुकाबाईंपासून झालेले पुत्र व्यंकोजी ऊर्फ एकोजी यांनी १६७५च्या सुमारास तंजावरला भोसल्यांची गादी स्थापन केली. त्या गादीवर १७९८ साली बसलेले दुसरे सरफोजीराजे हे या व्याख्यानाचे मुख्य पात्र. परंतु त्यांच्या चिताऱ्यांनी काय साधले, हे कळायचे तर आधी डोळ्याच्या चित्राने जगभर कोणकोणती वळणे घेतली, ते पाहावे लागते.

जुन्या शास्त्रग्रंथातली चित्रे पुष्कळदा सजावट समजून चाळली जातात. वाचक मजकूर वाचतो, चित्रावरून नजर फिरवतो, पान उलटतो. प्रकाश आणि दृष्टी या विषयांवरच्या ग्रंथांत मात्र असे पान उलटणे महागात पडते. तिथे चित्र हाच पुष्कळदा युक्तिवाद असतो. चुकीचे चित्र चूक शतकभर जिवंत ठेवते, आणि नीट काढलेले चित्र कधी कधी लेखकाच्या शब्दांच्याही पुढे जाते.

आपल्याकडची परंपरा शब्दांची होती. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्राची सुरुवातच डोळ्यांच्या विकारांनी होते, आणि हे विकार ७६ सांगितले आहेत. डोळ्याची पाच मंडले, सहा संधी, सहा पटले अशी मांडणी आहे. माप अंगुळांत दिले आहे. पापणीच्या केसांपासून बाहुलीपर्यंत एकेक वर्तुळ आत आत जाते. शब्दांनी काढलेली ती आकृतीच म्हणायची. मोतीबिंदूवर सळईने करायच्या उपायाचे वर्णन तर आजही वाचणाऱ्याला थक्क करते. रुग्णाने आपल्या नाकाकडे पाहायचे, उजव्या डोळ्यासाठी वैद्याने डावा हात वापरायचा, सळई योग्य जागी शिरली की पाण्याचा थेंब बाहेर येतो आणि आवाज होतो. चित्र नाही, म्हणून ग्रंथकार कानाला खूण सांगतो! गुरूच्या हाताखाली शिकणाऱ्या शिष्याला एवढे पुरत असे. गुरूची साखळी तुटली की मात्र नुसत्या शब्दांवरून हात तयार होत नाही, आणि नंतरच्या काळात ही विद्या ग्रंथापेक्षा फिरत्या सुईकऱ्यांच्या हातात उरली, त्यामागे हेही एक कारण असावे.

आपण पाहतो म्हणजे काय होते, या प्रश्नावर न्यायदर्शनाचे उत्तर असे की डोळ्यातून तेजाचे किरण बाहेर जातात आणि वस्तूला भिडतात. रात्री हिंडणाऱ्या प्राण्यांचे डोळे अंधारात चमकतात, हा त्यांचा पुरावा. ग्रीकांतही युक्लिडसारख्या गणितज्ञांचे मत याच दिशेचे होते. ते मत मोडून काढण्याचे मोठे श्रेय इब्न अल-हैथम यांचे. इसवी सन ९६५च्या सुमारास बसऱ्यात जन्मलेल्या या गणितज्ञाने कैरोत राहून प्रकाशावर सात भागांचा ग्रंथ लिहिला, ‘किताब अल-मनाझिर’. प्रकाश वस्तूकडून डोळ्याकडे येतो, तीव्र प्रकाशाकडे पाहिले की डोळा दुखतो तो त्यामुळेच, असे त्यांनी मांडले. त्यांच्या जावयाने १०८३ साली या ग्रंथाची केलेली नक्कल इस्तंबूलला आहे, आणि तिच्यात दोन डोळे, मधले नाक आणि मागे एकमेकांना छेदणारे मज्जातंतू दाखवणारी आकृती आहे. डोळ्याच्या रचनेची एवढी जुनी आकृती दुसरी क्वचितच सापडेल. ती सुंदर आहे, पण खऱ्या डोळ्यासारखी दिसत नाही. वर्तुळे, कमानी, अक्षरे. एखाद्या वास्तूचा नकाशा असावा तशी. काढणाऱ्याला विशिष्ट माणसाचा डोळा दाखवायचाच नव्हता. सगळ्या डोळ्यांत सारखे काय असते, तेवढेच त्याला सांगायचे होते.

युरोपात हा ग्रंथ लॅटिनमध्ये गेला आणि १५७२ साली बाझेलला छापला गेला. संपादक फ्रीड्रिख रिस्नर. त्याच्या मुखपृष्ठावरचे लाकडी ठशाचे चित्र पाहण्यासारखे आहे. आरशांनी सूर्यकिरण वळवून शत्रूची जहाजे जाळली जात आहेत, आकाशात इंद्रधनुष्य आहे, पाण्यात उभ्या माणसाचे पाय मोडल्यासारखे दिसत आहेत. परावर्तन, अपवर्तन, रंग, आभास: पुस्तकात पुढे जे जे येणार ते एका देखाव्यात आणून ठेवले आहे. आजच्या पाठ्यपुस्तकांच्या मुखपृष्ठांनी याच्यापासून पुष्कळ शिकावे.

चित्र चूक कशी टिकवते, याचे उदाहरण त्याच शतकातले आहे. व्हेसेलियसचा शरीररचनेवरचा ग्रंथ १५४३ साली आला. त्यातल्या आकृत्यांनी वैद्यकाचे शिक्षण बदलून टाकले. स्नायू आणि हाडे इतक्या खरेपणाने त्यापूर्वी कोणी छापली नव्हती. पण त्याच ग्रंथात डोळ्याचे भिंग गोलाच्या अगदी मध्यभागी दाखवले आहे. खरे तर ते पुढच्या बाजूला, बाहुलीच्या लगेच मागे असते. प्राचीन ग्रीक वैद्य गेलनपासून चालत आलेली समजूत अशी की हे भिंग हेच दृष्टीचे आसन; आणि आसन म्हटले की ते मध्यभागी हवे. सुरी चालवणाऱ्या हाताने भिंग पुढे सापडलेले असूनही चित्र काढणारा हात ते मध्यभागी सरकवतो. व्हेसेलियसच्या नावाच्या वजनामुळे ही आकृती पुढे कितीतरी पुस्तकांत उतरवली गेली.

दुरुस्तीही चित्रानेच झाली. फेलिक्स प्लाटर या बाझेलच्या वैद्याने १५८३ साली सांगितले की दृष्टीचे काम मागचा पडदा करतो, भिंग फक्त त्याला मदत करते. केप्लरने १६०४ साली गणिताने दाखवले की त्या पडद्यावर बाहेरच्या जगाचे उलटे चित्र पडते, आणि आपल्या ग्रंथात डोळ्याची आकृती देताना त्याने प्लाटरचीच आकृती घेतली. केप्लरला काय म्हणायचे होते, ते मोताळ्याच्या कोणत्याही पत्र्याच्या घरात पाहता येते. दुपारी दार-खिडक्या लावून अंधार केला आणि भिंतीच्या पत्र्याला एखादे बारीक भोक असले, की रस्त्यावरून जाणारी बैलगाडी समोरच्या भिंतीवर उलटी चालताना दिसते. १६१९ साली क्रिस्टोफ शायनर या जेझुइट पाद्र्याने ‘ऑक्युलस’ या पुस्तकात भिंग योग्य जागी आणले, आणि दृष्टीच्या मज्जातंतूची दोरी डोळ्याच्या बरोबर मागून न निघता नाकाच्या बाजूने निघते, हेही दाखवले. साधी, रेषांची आकृती आहे ती. नक्षी नाही, छाया नाही. पण तिच्याइतकी खरी आकृती त्याआधी छापली गेली नव्हती.

देकार्तच्या ‘प्रकाशशास्त्रा’तला लाकडी ठसा तर या सबंध इतिहासातला सर्वात बोलका. पुस्तक १६३७ साली लायडन येथे लेखकाच्या नावाशिवाय निघाले. आकृत्या तरुण फ्रान्स फान स्कूटेनने तयार केल्या. ताज्या मृताचा, तो न मिळाल्यास बैलाचा डोळा घ्यावा, मागचे आवरण कापून तिथे कागदाचा किंवा अंड्याच्या टरफलाचा तुकडा लावावा, आणि डोळा खिडकीच्या भोकात बसवून अंधाऱ्या खोलीतून पाहावे, असे देकार्त सांगतो. चित्रात वरती प्रचंड मोठा कापलेला डोळा आहे, आणि खाली अंधारात एक छोटा दाढीवाला माणूस मान वर करून त्याच्या पाठीमागच्या पडद्याकडे पाहतो आहे. त्या माणसाची शास्त्राला काही गरज नव्हती. किरणांच्या रेषा त्याच्याशिवायही पुऱ्या होतात. पण तो आला आणि आकृतीत एक खोल प्रश्न शिरला. पडद्यावरचे चित्र पाहणारा तो कोण? त्याच्या डोळ्यातल्या पडद्यावरचे चित्र कोण पाहतो? देकार्तने पुढे लिहिले आहेच की चित्र पडले म्हणजे पाहणे झाले असे नाही, जणू मेंदूत आणखी डोळे आहेत असे समजू नये. एका छोट्या माणसाने तत्त्वज्ञांना पुढची कित्येक वर्षे काम पुरवले.

मोठ्या चित्रकारांनीही या विषयाला हात लावला. अँटवर्पच्या प्लँटिन छापखान्याने १६१३ साली फ्रान्स्वा द अगिलों याचे प्रकाशशास्त्रावरचे सहा भागांचे पुस्तक छापले, त्याचे मुखपृष्ठ आणि प्रत्येक भागाच्या आरंभीचे चित्र प्रत्यक्ष रूबेन्सने रेखाटले. मुखपृष्ठावर शंभर डोळ्यांच्या अर्गसचे कापलेले मस्तक आहे. पहिल्या भागाच्या चित्रात पंख असलेली गुटगुटीत बाळे एकडोळ्या राक्षसाचा डोळा उकलून एका वृद्ध पंडिताला दाखवत आहेत. दुसऱ्या एका चित्रात एक डोळा झाकून काठीच्या टोकाला बोट लावण्याचा प्रयत्न चालला आहे. दोन डोळ्यांनी अंतर कसे कळते, हे त्यातून समजावे. आणखी एका चित्रात दोन दिव्यांच्या उजेडाची तुलना आहे. प्रयोगाची ही सचित्र कृतीच. रूबेन्सने गंमत आणली, पण प्रयोगाची मांडणी मोडू दिली नाही. चित्रकाराला विषय कळलेला असला की काय घडते, ते इथे दिसते.

विषय न कळता काढलेल्या चित्राचा मासला अथानासियस किर्खरच्या ‘प्रकाश आणि छायेची महाकला’ या ग्रंथात आहे. त्याच्या १६७१च्या आवृत्तीत जादूच्या कंदिलाचे चित्र मोठ्या झोकात छापले आहे, पण चितारलेली काच भिंगाच्या पलीकडे दाखवली आहे. तसा कंदील बनवला तर भिंतीवर चित्र उमटणार नाही. दोनशे वर्षांनंतर कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने काचेवरच्या हातरंगाच्या चित्रांचे खेळ गावोगाव केले, तेव्हा काच आणि भिंग अर्थातच आपापल्या जागी होते. कारागिराच्या हाताला चूक लगेच कळते. पुस्तकातल्या चित्रात ती निवांत राहू शकते.

आता खऱ्या रुग्णाकडे वळावे. डोळ्यांच्या रोगांवरचे युरोपातले पहिले मोठे सचित्र पुस्तक एका न्हावी-शल्यवैद्याने लिहिले. गेओर्ग बार्टिश त्याचे नाव. विद्यापीठात तो गेला नव्हता, लॅटिन त्याची भाषा नव्हती. १५८३ साली ड्रेस्डेनहून त्याने जर्मनमध्ये, स्वखर्चाने हा ग्रंथ काढला. चित्रे त्याने स्वतः रंगवली, आणि त्यांवरून लाकडी ठसे करवून घेतले. मोतीबिंदूचा रुग्ण खाली बसला आहे, वैद्य त्याच्यासमोर उंच आसनावर, मागून मदतनीसाने डोके धरले आहे. तिरळेपणासाठी बाहुलीसमोर भोके असलेले मुखवटे आहेत. आणि एके ठिकाणी कागदाचे एकावर एक पदर उचलत गेले की डोळा थराथराने उलगडत जातो. सुश्रुताने पटले शब्दांत सांगितली होती, बार्टिशने ती बोटाने उचलायला दिली. याच ग्रंथात तो चेटकामुळे डोळे जातात असेही लिहितो. एकाच माणसाच्या ठायी दोन्ही असू शकते, आणि म्हणून चित्रांचे मोल कमी होत नाही.

माणसाच्याच डोळ्यावर हे चित्रण थांबले नाही. लंडनचा रॉबर्ट हूक १६६५ साली ‘मायक्रोग्राफिया’त माशीचे डोके पानभर मोठे करून दाखवतो. तारुण्यात त्याने चित्रकार पीटर लेली याच्याकडे थोडे दिवस उमेदवारी केली होती, आणि तो हात इथे दिसतो. डोळ्यांतल्या बारीक गोळ्या त्याने सुमारे १४,००० असाव्यात असा अंदाज बांधला, आणि त्यांत आपल्या खोलीच्या खिडकीचे प्रतिबिंब पडलेले पाहिले. सॅम्युअल पेपिस रात्री दोनपर्यंत जागून ते पुस्तक पाहत बसला, असे त्याने आपल्या रोजनिशीत लिहून ठेवले आहे.

एकोणिसावे शतक उजाडले तेव्हा युरोपात डोळ्याच्या रंगीत चित्रांचा बहर सुरू झाला. सोमरिंग या शरीरशास्त्रज्ञाने १८०१ साली मानवी डोळ्याचा चित्रग्रंथ काढला; त्याचा चित्रकार क्रिस्टियन क्योक इतका काटेकोर की ती पाने आजही डॉक्टर कौतुकाने पाहतात. एडिनबरोच्या जेम्स वॉर्ड्रॉपचा डोळ्यांच्या रोगांवरचा सचित्र ग्रंथ १८०८चा, पॅरिसच्या दमूरचा १८१८चा. या तिन्ही साली तंजावरच्या गादीवर सरफोजीराजे होते. म्हणजे आपला विषय मागासलेल्या दरबाराची हौस हा नाही. जगात जिथे हे काम पुढे चालले होते, त्याच वर्षांत ते कावेरीकाठीही चालले होते.

सरफोजींचा जन्म १७७७चा. तुळजाजीराजांनी त्यांना दत्तक घेतले, आणि लगेच राजांचा मृत्यू झाला. गादी तुळजाजींचे सावत्र भाऊ अमरसिंह यांच्याकडे गेली. मुलाची जबाबदारी श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याने घेतली. पुढे शिक्षण मद्रासला झाले. १७९८ साली गादी मिळाली, पण दुसऱ्याच वर्षी इंग्रजांनी तह करून राज्यकारभार काढून घेतला. किल्ला, वाडा, वर्षाला एक लाख पॅगोडा आणि महसुलाचा पाचवा हिस्सा एवढे राजांकडे उरले. अशा तहांनंतर पुष्कळ संस्थानिकांनी दिवस शिकारीत आणि नाचरंगात घालवले. सरफोजींनी पुस्तके मागवली. यंत्रे मागवली. देवनागरी छापखाना घातला. मुंबईत मराठी पुस्तकांचे काम नीट मार्गी लागण्याआधी तंजावरला इसापच्या गोष्टी मराठीत छापून तयार होत्या. १८२६ साली बिशप हेबर तंजावरला आला तेव्हा लाव्हॉझिए, लिनियस, ब्यूफॉं यांच्याविषयी राजे सहज बोलतात हे पाहून तो चकित झाला.

वैद्यकासाठी त्यांनी धन्वंतरी महाल उभा केला. तिथे आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य असे चारही मार्गांचे जाणकार काम करत. अनुभवास उतरलेले उपाय तमिळ पद्यांत बांधून ‘शरभेंद्र’ या राजांच्याच नावाने संकलित केले गेले, आणि त्यांत डोळ्यांच्या रोगांचा स्वतंत्र भाग आहे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया राजे स्वतः करत, अशी तंजावरची परंपरा सांगते. नेत्रवैद्यांनीही ही गोष्ट गंभीरपणे घेतली आहे. २०१२ साली ‘इंडियन जर्नल ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी’त सरफोजींच्या नेत्रवैद्यकीय कार्यावर लेख आला, आणि जुन्या रुग्णपत्रांची व त्यांतल्या चित्रांची ओळख जगभरच्या डॉक्टरांना झाली.

ही चित्रे तंजावरलाच का निघाली? राजाची आवड हे अर्धे उत्तर. उरलेले अर्धे त्या शहराच्या चिताऱ्यांत आहे. मराठी राजांच्या आश्रयाने तंजावरची चित्रशैली तिथे फुलली होती. लाकडी फळी, सोन्याचा वर्ख, काचमणी, आणि त्या लखलखाटात देवाचे मोठे, उघडे, स्थिर डोळे. मूर्ती घडवतानाही डोळे सर्वात शेवटी उघडले जातात; नेत्रोन्मीलनाचा तो विधी आहे. डोळा म्हणजे काय, हे या शहरातल्या कारागिरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. त्याच वेळी कंपनीच्या साहेबांसाठी कागदावर जलरंगांत माणसे, व्यवसाय, पक्षी, झाडे काढण्याचा धंदाही तिथे जोरात होता. सरफोजींनी असे निसर्गचित्रांचे काम मुद्दाम करवून घेतले आणि रेसिडेंट बेंजामिन टोरिन याला भेट म्हणून दिले. ती चित्रे आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. पक्ष्याचे पीस मोजून काढायला शिकलेला कुंचला रुग्णाच्या डोळ्याकडे वळायला फार वेळ लागला नसेल.

पण हे वळणे सोपे नव्हते. देवाचा डोळा निर्दोष काढायचा असतो. पक्षी काढताना त्या जातीचा उत्तम नमुना काढायचा असतो. रुग्णाचा डोळा काढताना दोषच काढायचा. लाली कुठे आहे, बाहुली कितपत धुरकट झाली, पापणी किती सुजली, हे जसेच्या तसे उतरवायचे, आणि समोर बसलेला माणूस कोणी राजा नाही, देव नाही. सुंदर करण्याची सवय हाताला आवरावी लागते. इब्न अल-हैथमच्या आकृतीत डोळा होता, पण कोणाचाच नव्हता. तंजावरच्या कागदावर तो एका माणसाचा झाला. या सबंध कथेतले सर्वात मोठे पाऊल हेच आहे, आणि ते टाकणाऱ्यांत मराठी दरबाराचा वाटा आहे, याचा अभिमान उघडपणे बाळगायला हरकत नाही.

चिताऱ्याला डोळ्याचा बाहेरचाच भाग काढता आला, याला कारण होते. डोळ्याच्या आतला पडदा जिवंत माणसात पाहण्याचे उपकरण हेल्महोल्ट्झने १८५१ साली पुढे आणले. आतल्या पडद्याच्या रंगीत चित्रांचा लीब्राइखचा ग्रंथ निघाला १८६३ साली. फोटोग्राफीची घोषणा झाली १८३९ साली. सरफोजी १८३२ सालीच वारले. म्हणजे कुंचल्याला जेवढे दिसू शकत होते, तेवढे तंजावरने पाहिले.

सरस्वती महालाच्या संग्रहालयात आणखी एक चित्रमाला लोक थांबून पाहतात. चौदाव्या लुईचा दरबारी चित्रकार शार्ल लब्रं याने माणसांचे चेहरे प्राण्यांच्या चेहऱ्यांशी जुळवून काढले: घुबडासारखा माणूस, बैलासारखा माणूस. स्वभाव चेहऱ्यावरून, विशेषतः डोळ्यांच्या कोनावरून ओळखता येतो, असे त्याचे मत होते. ते मत शास्त्र म्हणून टिकले नाही. तरी ही चित्रे आणि रुग्णपत्रांतली चित्रे एकाच संग्रहात असावीत, यातून राजांची नजर कळते. डोळा त्यांना सर्व बाजूंनी हवा होता.

इकडे मुंबईत मराठी शास्त्रग्रंथांनी दुसरी वाट धरली. शिळाछापाने अक्षरे स्वस्त झाली. १८४० साली बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दिग्दर्शन’ हे मराठीतले पहिले मासिक सुरू केले आणि त्यातून शास्त्रीय विषय सामान्य वाचकांपर्यंत नेले. पुढे कोल्हापूरच्या बाळाजी प्रभाकर मोडकांनी पदार्थविज्ञान आणि रसायन यांवर मराठीत नेटाने लिहिले. या लोकांचे ऋण मोठे आहे. पण रंगीत, हाताने काढलेले, खऱ्या नमुन्यासमोर बसून केलेले चित्र आपल्या शास्त्रीय पुस्तकांत फारसे आलेच नाही. किरणांच्या सरळ रेषा, बाण, अ-ब-क अशी अक्षरे, आणि तीही बहुधा इंग्रजी पुस्तकांवरून घेतलेली. शाळेतल्या विद्यार्थ्याने डोळ्याची आकृती परीक्षेसाठी पाठ केली. डोळा पाहून काढला नाही. खर्चाचे कारण खरे आहे, पण पुरेसे नाही. चित्रकार आणि शास्त्रज्ञ आपल्याकडे एका टेबलाशी बसले नाहीत, हे खरे दुखणे.

याच बुलढाण्याच्या डोंगररांगेत अजिंठा आहे. तिथल्या भिंतींवरची चित्रे उतरवून घेण्यात रॉबर्ट गिल या इंग्रज अधिकाऱ्याने १८४४पासून उरलेले आयुष्य घालवले, आणि शेवटी दोन डोळ्यांसाठी दोन भिंगे असलेल्या कॅमेऱ्याने लेण्यांची छायाचित्रेही घेतली. त्याची कबर भुसावळला आहे. रूबेन्सने एक डोळा झाकून जो प्रयोग दाखवला होता, त्याचेच तत्त्व या जोडचित्रांत वापरले होते. पाहण्याचे शास्त्र आणि चित्राची कला यांचे असे धागे आपल्या घाटाखालच्या मुलुखाच्या अगदी उशाशी आहेत.

म्हणून एक मागणी इथून करावीशी वाटते. तंजावरची रुग्णपत्रे आणि त्यांतली डोळ्यांची चित्रे मूळ रंगांत, मराठी प्रस्तावना आणि नेत्रतज्ज्ञांच्या टिपांसह पुस्तकरूपाने यावीत. विदर्भातल्या एखाद्या विद्यापीठाने हे काम हाती घ्यावे. तंजावर दफ्तरात मोडी कागदांचे ढीग आहेत. धन्वंतरी महालाचा खर्च, कारागिरांचे पगार, मागवलेल्या पुस्तकांचे हिशेब शोधायचे तर तिथेच शोधावे लागतील, आणि ते वाचायला मोडी येणारी तरुण माणसे हवीत. मोडीचे वर्ग आता ठिकठिकाणी चालतात. मोताळा, मलकापूर, बुलढाण्यातल्या महाविद्यालयांतील इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी त्यांना जावे. आणि गावातल्या शाळांतल्या विज्ञानशिक्षकांनी पुढच्या वर्षी ‘मानवी डोळा’ हा पाठ शिकवताना चित्रकलेच्या शिक्षकांना वर्गात बोलवावे, मुलांना समोरासमोर बसवून एकमेकांचा डोळा रंगांत काढायला लावावा.